खांदा वळत नाही

निवृत्तीनंतर शेजारच्या निवृत्त कर्नलसाहेबांनी मला नगरच्या मैदानावर नेऊन गोल्फला लावलं. दोन वर्षं झाली, माझा चेंडू अजून सरळ जात नाही. चूक चेंडू मारण्यात नाही, त्याआधी स्टिक मागे नेण्यात आहे. "हात उचलू नका, खांदा वळवा," कर्नल रोज सांगतात. मी मान डोलावतो आणि स्टिक सरळ डोक्यावर उचलतो. पारनेरकडच्या आमच्या रानात लहानपणापासून मी कुदळ चालवली. ती अशीच उचलायची असते. अंगाला दुसरं काही ठाऊकच नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. रोज सकाळी गच्चीवर, चेंडू न ठेवता, शंभर वेळा स्टिक नुसती मागे न्यायची. बायको म्हणाली, "अहो, पाठ धरेल." धरली. शेकून पुन्हा उभा राहिलो.

गेल्या महिन्यात गावी गेलो. धाकटा भाऊ डाळिंबासाठी खड्डे खणत होता. मी हौसेनं कुदळ घेतली. ती वर जाण्याऐवजी खांद्याबरोबर वळून पाठीमागे गेली आणि घाव खड्ड्याबाहेर पडला. तीनदा तेच. भावानं हातातून कुदळ काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या दादा. तुमी सावलीला बसा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर स्टिक मागे नेली. ती सरळ डोक्यावर गेली.