बसायची उंची

आमच्या यांना बाजारात सगळे ‘लेव्हल’ म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर आहे, तेवढंच. गाड्यांच्या स्प्रिंगा काढण्या-बसवण्यात तीस वर्षं गेली. कुणाच्या घरी गेले आणि खुर्ची डुगडुगली, तर आधी पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालतील आणि मगच बसतील. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा पलंग चारदा हलवला होता, कारण खोलीची जमीन एका कोपऱ्यात अर्ध्या बोटाने खचली होती. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

त्यांच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाईकं हौशी. गाडी खाली बसवून हवी, चाकं मडगार्डाच्या आत गेलेली दिसायला हवीत, आणि खिशात दमडी नको. तयार आखूड स्प्रिंगा परवडत नाहीत, म्हणून आहेत त्याच कापून द्या म्हणतात. हे आधी त्यांना अर्धा तास झापतात आणि मग कापून देतात. कापायचं तेही शास्त्राने. गॅसच्या आचेवर स्प्रिंग दाबून बसवणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. तापवलं की पोलादातला जीव जातो म्हणतात. ग्राइंडर घ्यायचा, ओलं फडकं गुंडाळायचं, एका वेळी अर्धाच वेढा कापायचा, परत बसवायची, गाडी फिरवून आणायची, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून मोजायचं. हे सगळं मला पाठ आहे, कारण सव्वीस वर्षं जेवताना हेच ऐकते आहे. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी एक प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

माझं काम म्हणजे तीन वर्षांपासून सासूबाई. शाळेत शिवण शिकवायच्या. टाका तिरका गेला तर मुलीला पुन्हा उसवायला लावायच्या, अशी ख्याती. आता गुडघे गेलेत. एकदा उभं केलं की काठी टेकत घरभर हिंडतात, पण उभं करावं लागतं. मी त्यांच्या पावलांना पावलं लावून समोर उभी राहते, काखेत हात घालते आणि ओढते. दिवसातून आठ-दहा वेळा. त्यांना ते घरात, दार लावून असेल तरच चालतं. कुणी आलं की त्या दोन-दोन तास एका जागी बसून राहतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

तर मावशींचा निरोप आला. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहणारी. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती शुद्धीवर आहे तोवर येऊन जा, असं मुलाने कळवलं. सासूबाई फोन ठेवून म्हणाल्या, “मला जायचंय.” वर्षभरात त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या.

आमची गाडी उंच. एका गिऱ्हाइकाने कंटाळून विकलेली, दणकट, जुनी. सासूबाई दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या, तर सीट त्यांच्या कमरेच्या वर. मागे एकदा स्टूल लावलं होतं, त्यावरून पाय घसरून दाराला लोंबकळल्या, तेव्हापासून स्टुलाचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, खुर्चीसकट उचलून ठेवू, शेजारचे दोघं येतील.

“मी काय पोतं आहे?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तू काळजी करू नकोस,” हे म्हणाले. “लोकांच्या गाड्या मी हौसेसाठी जमिनीला टेकवतो. तुझ्यासाठी चार बोटं उतरवू शकत नाही?”

मला तेव्हा खरंच बरं वाटलं. आईसाठी कुणी एवढं करत नाही. तयार स्प्रिंगांचा संच आमच्या ऐपतीबाहेरचा होता, तेव्हा यांनी ठरवलं की आहेत त्याच कापायच्या, वर सीटमधला थोडा फोमही काढायचा. पण त्याआधी माप. नेहमीसारखं बोटांनी नाही, टेप आणून.

दुपारी त्यांनी गॅरेजमधल्या लाकडी फळ्या घरी आणल्या आणि मधल्या खोलीत एकावर एक रचल्या. सासूबाईंनी पाठ करून त्यावर बसायचं. एवढ्या उंचीवर जमत नाही, मग एक फळी काढा. जमलं, पण टेकताना भीती वाटली, मग आणखी एक काढा. प्रत्येक वेळी त्या टेकल्या की हे वळून भिंतीवर खडूने रेघ मारायचे आणि आकडा लिहायचे. ते भिंतीकडे वळलेले असताना सासूबाईंना उठवायची मी. फळी कमी झाली की मला जास्त ओढावं लागत होतं. शेवटच्या उंचीवर त्या अलगद, एका हाताचाही आधार न घेता बसल्या. हे खूश झाले. मला मात्र त्यांना उठवायला तीनदा जोर करावा लागला आणि पाठीत चमक भरली.

मी म्हटलं, “अहो, बसल्या, पण उठतात का ते बघितलंत का?”

“तू आहेस ना उठवायला.”

“गाडीच्या दारात मी उभी कुठे राहू? वर टप आहे, मध्ये दार आहे.”

“तुझं काम तू कर, माझं मला करू दे,” ते म्हणाले आणि टेप गुंडाळून निघून गेले.

पुढे आठ दिवस ते गाडीखाली होते. इतर कामं सांभाळून, एकेक अर्धा वेढा. रोज घरी येऊन आईला सांगायचे, आज एवढी उतरली, उद्या एवढी. सासूबाई माझ्यासमोर कधी हसत नाहीत, पण त्या आठवड्यात हसल्या. मला दुसऱ्यांदा बोलता आलं असतं. रोज रात्री ताटं उचलताना ते माझ्या ओठांवर यायचं आणि मी मूग गिळून गप्प बसायची. का, ते सांगते. मला यांची जिरवायची होती. गाडी तयार झाल्यावर घरासमोर एक फेरी मारून बघतील, तिथे आई उठणार नाही, आणि एकदा तरी या माणसाला बायकोचं ऐकायला हवं होतं असं वाटेल. मग दोन बोटं वर घेतील गाडी. एवढाच माझा बेत होता.

फेरी मारायची वेळच आली नाही. गाडी तयार झाली त्याच सकाळी मावशींच्या मुलाचा फोन आला, आजच निघा.

सासूबाई दाराशी आल्या, पाठ केली आणि बसल्या. कुणाचा हात नाही, काही नाही. पाय आत घेतले, कपडे सारखे केले, आणि समोरच्या घरातल्या बाईला म्हणाल्या, “मुलाने करून दिलंय.” यांचे डोळे भरून आले होते. मी मागे बसले. आता बोलून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तेव्हाही बोलता आलं असतं. कुणाला तरी सोबत घेतलं असतं, मावशींच्या घरी उंच खुर्ची, दोर, काहीतरी तयार ठेवायला सांगितलं असतं.

कापलेल्या स्प्रिंगांनी गाडी कडक झाली होती. प्रत्येक खड्डा मणक्यात जात होता. सासूबाईंनी एकदाही हूं की चूं केलं नाही.

मावशींचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. खिडकीत पडदा, पडद्यामागे पलंग. हे उतरले, दार उघडलं, हात पुढे केला. सासूबाईंनी तो बाजूला सारला, पाय बाहेर काढले, काठी टेकली आणि जोर केला. उठल्या नाहीत. पुन्हा जोर केला. तिसऱ्या वेळी काठी सटकली. फोम कमी केलेली सीट त्यांच्या वजनाने आणखी खाली दबली होती, त्या खड्ड्यात बसल्यासारख्या बसल्या होत्या. मी समोर वाकले, तर डोकं टपाला लागलं आणि हात काखेत पोचलेच नाहीत. शेजारच्या दुकानातून दोन माणसं बाहेर येऊन बघत उभी राहिली. मावशींचा मुलगा म्हणाला, “मावशी, मी आणि दादा उचलतो ना, एका मिनिटाचं काम.”

“नको.”

“आई, ऐक ना,” हे म्हणाले.

“नको म्हटलं ना. रस्त्यात माझा तमाशा नको.”

आम्ही अर्धा तास तिथे होतो. मावशींच्या मुलाने पडदा बाजूला केला. आत पांढऱ्या केसांचं एक डोकं उशीवर दिसत होतं, भिंतीकडे वळलेलं. सासूबाई त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “घरी चल.” आणि हे, जे आयुष्यभर कुणाचं ऐकले नाहीत, त्यांनी ऐकलं.

घरासमोर त्यांना उचलावंच लागलं. दुसरा उपायच नव्हता. यांनी आणि शेजारच्याने काखेत आणि गुडघ्याखाली हात घालून त्यांना बाहेर ओढलं. चप्पल पडली, कपडे वर गेले, मी ते धरत होते. गल्ली बघत होती. पलंगावर टेकवल्यावर त्या यांना म्हणाल्या, “हे तिथे का नाही केलंस?”

“तूच नको म्हणालीस.”

“मी म्हणाले. तू ऐकलंस कशाला?”

मावशी चौथ्या दिवशी गेल्या. सासूबाईंनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्या यांच्याशी कामापुरतंच बोलतात. माझ्याशी मात्र गोड वागतात, उठवताना माझ्या पाठीची चौकशी करतात, आणि ते मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात मी गॅरेजवर डबा घेऊन गेले. हे त्याच गाडीखाली होते. एका भंगारातल्या गाडीच्या पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा मिळाल्या होत्या, त्या बसवत होते. बाहेर आले, हात पुसले, डबा उघडला नाही. मग म्हणाले, “तू रोज उठवतेस तिला. एकदा बोलली होतीस तू, मी उडवून लावलं. पण नंतर इतके दिवस तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तू बघितलं असशील, जमतंय म्हणून गप्प असशील.”

मी या माणसाला सव्वीस वर्षं तोंडावर वाटेल ते ऐकवत आले.

“हो,” मी म्हणाले, “मला वाटलं, जमेल.”

त्यांनी मान हलवली आणि डबा उघडला.