सहाचा टॉवेल

मंगळवार, सकाळी साडेदहा. चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, शिलाई विभागातला नोटीस बोर्ड. हजर: मॅनेजर, सुपरवायझर, कडा शिवणारी एक बाई आणि रजिस्टर ठेवणारी मी.

मॅनेजरनी बोर्डावर नवा तक्ता लावला होता. शेजारच्या मशीनवरच्या बाईचे शंभरात तीन टॉवेल नापास, हिचे सहा. आकडे माझ्याच रजिस्टरमधले, बरोबर होते. पण साध्या पट्ट्यांऐवजी त्यांनी टॉवेलची चित्रं टाकली होती. सहासाठी तिनाचंच चित्र कोपऱ्याला धरून ओढलं होतं. उंची दुप्पट झाली, तशी रुंदीही दुप्पट झाली. हिचा टॉवेल शेजारचा गिळायला निघाल्यासारखा दिसत होता. आकडे खाली, मुंगीएवढे.

"बघा, केवढा फरक," मॅनेजर म्हणाले. "उद्यापासून यांना घडीला पाठवा."

घडी घालायला पाठवलेली बाई पुन्हा मशीनवर आलेली मी पाहिलेली नाही. तिलाही ते ठाऊक होतं.

"सायेब, येवडा टॉवेल आपल्यात निगतो तरी का?" ती म्हणाली. सुपरवायझर हसला.

मी टेबलावरचे पाच नॅपकिन घेतले. एक वेगळा ठेवला. उरलेले चार एकमेकांना चिकटवून मांडले, दोन वर, दोन खाली.

"तुमच्या मोठ्या चित्रात चार बसतात, साहेब. आकडा दुपटीचा आहे."

"मॅडम, ते चित्र आहे. समजायला सोपं जावं म्हणून."

"सोपं झालंय. खोटंही झालंय."

"आकडे लिहिलेत की खाली."

"ते बघून ठरवलंत का? दुप्पट नापास झाले तर आपण आठवडाभर शेजारी बसवून शिकवतो. मागच्या वेळी तेच केलं."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "नवा तक्ता करून द्या, मग बघू. तोवर घडीला."

या गृहस्थांना वाचायचा कंटाळा, आणि शिक्षा दुसऱ्याला.

जेवणाच्या सुट्टीआधी माझा तक्ता तयार होता. एकाच मापाचे छोटे टॉवेल, एका ओळीत तीन, दुसरीत सहा. त्यांनी न बघता ट्रेमध्ये टाकला. तो अजून तिथेच आहे.

ती घडी घालते. येता-जाता विचारते, "म्याडम, माजा टॉवेल लहान झाला का न्हाय?" मी नाही म्हणते. बोर्डाला काच आहे, काचेला कुलूप आहे, किल्ली मॅनेजरच्या खिशात. माझ्या कामांच्या यादीत दोन ओळी खुणेशिवाय उरल्यात: जुना तक्ता काढणे. नवा लावणे.