बाहेरची कडी

माझ्या नणंदेला सगळे काजवाली म्हणायचे. गल्लीच्या तोंडाशी कोट शिवणारा शिंपी होता. त्याचे कोट आमच्या घरी यायचे आणि ती त्यांना काजं करून, बटणं लावून परत पाठवायची. काजावरून बोट फिरवा, कुठे खरखर लागायची नाही. गावातली माणसं तिला कोटांवरून ठाऊक. डॉक्टरांचं पोट सुटलंय, मास्तर या वर्षी वाळले, असं ती मलाच सांगायची, आणि मी रोज त्या माणसांना रस्त्यात पाहत असून माझ्या ध्यानात आलेलं नसायचं.

ती बाहेर जायची नाही, कारण मामंजी. माझे सासरे बंदरावर हमालांचे मुकादम होते. जहाजावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. पूर्वी त्यांनी हाक मारली की बोटीवरचा माणूस धक्क्यावर यायचा, असं म्हणत. आता आवाज बसला होता, म्हणून उशाला काठी. काही लागलं की पलंगाच्या लाकडावर ठोकायचे. पाणी हवं, ठोक. ऊन आलं, ठोक. ऊन गेलं, ठोक.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, जिना बाहेरून. "मामंजी, घटकाभर मी बसते, तिला जाऊ दे," असं मी किती वेळा म्हटलं असेल. ते म्हणायचे, "नको पोरी, तुला तुझा संसार आहे." इतकं गोड बोलून तोंडावर दार लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लेकीशिवाय कुणाच्या हातचं पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही.

नळावर नाहीतर शिंप्याकडे जायचं झालं तर ती दाराला बाहेरून कडी लावायची. एकदा नुसतं दार ओढून गेली होती, तर कुत्रं आत शिरलं आणि कोटाची बाही तोंडात धरून पसार झालं. मामंजी आत काठी ठोकतायत आणि कुत्र्याला वाटतंय आपलं कौतुक चाललंय. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली की हात आपोआप कडीकडे. डोकं कुठेही असो, हात विसरायचा नाही.

आता तिचा रविवार सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

चर्च आमच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की आलंच. पण तिला तेवढाही रस्ता लांब. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी तोड काढली. मोठ्यांचा उपदेश चालू असताना लहान मुलं चुळबूळ करतात, ती हिच्या बाहेरच्या खोलीत पाठवायची आणि हिने त्यांना शिकवायचं. झालं. शनिवारी कोट गुंडाळून फळीवर जायचे, फरशी धुतली जायची, आणि रविवारी तासभर ते दार सताड उघडं राहायचं. आठवड्यात एवढा एकच तास. मुलं "बाई, बाई" करत आत शिरायची आणि हिचा चेहरा असा व्हायचा की मी जिन्यावरून बघत उभी राहायची. मधून मधून आतून ठोक यायची, ती पडदा सारून आत जायची आणि गोष्ट जिथे सुटली तिथूनच पुढे सुरू.

पुढे पाळकसाहेब बदलले. नवे तरुण होते, काटकुळे, बोलायला मऊ, पण कामाला काटेकोर. त्यांनी सगळ्या वर्गांना सांगितलं की या महिन्यात मुलांना त्रैक्य शिकवा. देव एक, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा तिघेही देव, हे मुलांना नीट यायला पाहिजे. शेवटच्या रविवारी उपदेश दुसऱ्यावर सोपवून ते स्वतः येऊन विचारणार. आणि हिला दारात उभं राहून म्हणाले, "ताई, मुलांना येत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. लहान वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत हलवू, तिथे माझी बायको बघेल."

ते गेले. ही दारात तशीच उभी. मी म्हटलं, "अगं, माणूस चांगला आहे." ती म्हणाली, "चांगलाच आहे. म्हणून तर भांडताही येत नाही."

पहिल्या रविवारी तिने दोरा घेतला. काजाचा दोरा तीन पदरी असतो. मुलांपुढे धरला आणि म्हणाली, "बघा, पदर तीन, दोरा एक." मुलांना पटलं. फक्त पाववाल्याच्या मुलीला पटलं नाही. तिला आम्ही वकीलीण म्हणायचो. दुधाचे दात पडलेले, पण वाद अख्खा. तिने दोरा हातात घेतला, एक पदर सोडवून बाजूला केला आणि म्हणाली, "बाई, आता हा देवाचा तुकडा का?"

दुसऱ्या रविवारी पाणी. तेच पाणी, तोच बर्फ, तीच वाफ. वकीलीण म्हणाली, "येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पिता वरून बोलला ना? मग येशू पाणी असताना तोच वाफ कसा?"

तिसऱ्या खेपेला हिने माझ्या नवऱ्याला कामाला लावलं. "वरचा दादा आहे ना, तो आजोबांचा मुलगा, वहिनीचा नवरा आणि त्याच्या मुलांचा बाबा. माणूस एकच." मी जिन्यावर होते, मला हसू आवरेना. हा माणूस एकाच्या कामाला पुरत नव्हता, त्याला तिघांच्या जागी बसवला. वकीलीण म्हणाली, "पण दादा स्वतःलाच हाक मारतात का? येशू तर पित्याला हाक मारायचा."

त्या आठवड्यात ही जेवली की नाही देव जाणे. काजं करताना पुटपुटायची, मान हलवायची, उसवायची. मी म्हटलं, "घोकून घे त्यांच्याकडून. एक आणि तीन, तीन आणि एक. पोपटालाही येतं."

"घोकतील. आणि ती म्हणेल, कसं ते सांगा. मग?" ती म्हणाली. "वहिनी, जिकडे जावं तिकडे भिंत आहे. तीन म्हणावं तर चुकलं, एकाचे तीन वेश म्हणावं तर चुकलं. देवाच्या घरातही मला फिरायला जागा नाही."

आतून ठोक आली. ती उठली.

पाळकसाहेब मामंजींना प्रभुभोजनाची भाकर द्यायला घरी यायचे. त्या खेपेला ते निघताना हिने धीर करून विचारलं, दोरा, पाणी, भाऊ, सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. खाली बसले. म्हणाले, "ताई, मी पण लहानपणी हेच ऐकलं, आणि तिन्ही चुकीचं. देव आतून कसा आहे याला दाखला नाही, शोधू नका. ते तिघे एकमेकांशी कसे आहेत तेवढं पुस्तकात आहे. पिता पुत्रावर प्रीती करतो, जग व्हायच्या आधीपासून. पुत्र पित्याचा गौरव करतो. आत्मा त्यांच्याविषयी आपल्याला सांगतो. कळतं तेवढंच सांगा, कळत नाही तिथे कळत नाही म्हणा."

मी त्या संध्याकाळी तिच्यापाशी बटणं निवडत बसले होते. तिने एक काज पुरं केलं. मग सुई थांबवून म्हणाली, "म्हणजे काहीच नव्हतं तेव्हाही तो एकटा नव्हता."

"कोण?"

"देव. त्याला बोलायला कुणीतरी होतं, वहिनी. पहिल्यापासून."

मी एक बटण तीनदा पुसलं.

शेवटचा रविवार आला. पाळकसाहेब बुटक्या स्टुलावर गुडघे वर घेऊन बसले. मुलं चटईवर. ही भिंतीला टेकून, हातात रुमालाची गुंडाळी. मी पडद्याजवळ, म्हणजे मामंजींनी ठोकलं तर मी जाईन म्हणून. ते ठोकतच होते. मी आत डोकावले की मान हलवायचे, तू नको.

"देव किती?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"एक."

"पिता कोण? पुत्र कोण? पवित्र आत्मा कोण?"

"देव. देव. देव."

"मग देव किती झाले?"

मागून कुणीतरी हळूच "तीन" म्हणालं, आणि त्याला कोपर बसल्याचा आवाज आला. "एकच," सगळे म्हणाले.

"कसं बरं?"

आत ठक ठक चालू. मग वकीलीण उभी राहिली. "कसं ते कुणालाच कळत नाही. बाईंना नाही आणि तुम्हाला पण नाही, असं बाई म्हणाल्या."

मी कपाळाला हात लावला. पाळकसाहेब म्हणाले, "मीच त्यांना तसं सांगितलं. मग कळतं काय?"

"देव कधीच एकटा नव्हता. झाडं नव्हती, माणसं नव्हती, तेव्हा पण पित्याची पुत्रावर माया होती आणि पुत्राची पित्यावर, आणि आत्मा होताच. म्हणून देवाला माया करता येते. तो काही आपण झाल्यावर शिकला नाही." एवढं एका दमात म्हणून तिने श्वास घेतला. पोरगी तिथे थांबली असती तर बरं होतं. "पण बाई एकट्या आहेत. आम्ही गेलो की त्या दार लावून घेतात. आजोबा आहेत आत, पण ते नुसते ठोकतात."

आतली ठक ठक थांबली.

हिने रुमाल तोंडाशी नेला. पाळकसाहेब स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "मुलांना येतंय, ताई."

"मग वर्ग इथेच राहील ना?"

"छे, इथे कशाला? हे मोठ्या मुलांनाही ऐकू दे. सगळ्यांचा एकच वर्ग करू, मागच्या खोलीत, आणि तुम्हीच घ्या." त्या भल्या माणसाला वाटलं आपण मान देतोय. पहिला आला म्हणून मुलाचं शाळेतून नाव काढून टाकावं, तसं झालं. ही पडद्याकडे बघून म्हणाली, "मला नाही जमायचं यायला."

त्यांच्या ते तेव्हा ध्यानात आलं. बिचारे लाल झाले. पण चर्चच्या वडीलजनांशी बोलणं होऊन गेलं होतं, खोलीला रंगही लागला होता. "काहीतरी करू," असं म्हणत ते गेले. मुलंही गेली. हिने दार लोटलं आणि फळीवरचे कोट खाली काढले, रविवार असून.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आतून ठोक आली नाही. ठोकण्याने ती वैतागायची, पण न ठोकण्याने घाबरली. मला हाक मारून वरून बोलावलं, आणि आम्ही दोघी आत गेलो. मामंजी जागे होते. काठी भिंतीच्या कडेला पडली होती, त्यांचा हात पोचणार नाही अशी. पडली नव्हती, सरकवलेली होती.

"पुढच्या रविवारी वहिनीला बसव," ते छताला म्हणाले. आणखी काही नाही.

पुढचा रविवार. ही धुतलेलं लुगडं नेसून उभी. मला पाणी कुठे, उशी कशी, पांघरूण कुठवर, सगळं सांगून झालं, मग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "जा आता, नाहीतर देव तुझ्याऐवजी दुसरी बाई शोधेल." ती उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली, उशी नीट केली, पुन्हा गेली. दार ओढलं. आणि खट्.

कडी.

मी धावले, दारावर थापा मारल्या. तोवर ती रस्ता ओलांडून गेलेली आणि चर्चमध्ये गाणं सुरू झालेलं. खिडकी मागच्या बोळात, तिला गज. वर माझा नवरा झोपलेला, त्याला उठवायचं तर बंदरावरचा भोंगाच लागला असता. मी पडदा सारून परत आले.

"लावली का कडी?" मामंजींनी विचारलं.

"लावली."

"रोज लावते." त्यांनी पडद्याकडे मान वळवली. "ऐकू येते मला."

मी स्टुलावर बसले. इतकी वर्षं सून म्हणून राहिले, पण त्यांच्यापाशी एकटी कधी बसले नव्हते. खोली केवढीशी, भिंतीवर ओल, छताला एक चीर. ती चीर तासभर बघितली की तिची नदी होते, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर जाता येत नाही म्हटल्यावर मी दोनदा उठून दार ओढून पाहिलं. समोरून गाणं संपलं आणि मुलांचा गलका ऐकू आला. मधे तिचा आवाज, शब्द कळत नव्हते, पण तिचाच.

मामंजी कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "मला वाटायचं, इथे आत मी एकटाच अडकलोय."

मी उठून चहा टाकला. माझ्या हातचा चहा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. साखर जास्त झाली म्हणाले, पण कप रिकामा केला.

ती परतली तेव्हा कडीवर हात ठेवून तशीच थांबली असणार, कारण बराच वेळ दार उघडेना. मग उघडलं, आणि चेहरा पांढराफटक. "वहिनी, मी लावली? तुम्ही आत असताना?"

"अगं, कुत्रं आलं नाही एकही," मी म्हटलं.

मामंजी आतून म्हणाले, "रविवारी उघडंच ठेवत जा. कुत्रं आलं तर सून आहे." अशी माझी नेमणूक झाली.

पुढे पुष्कळ वर्षं तिने तो वर्ग चालवला आणि पुष्कळ वर्षं मामंजीही जगले. बाकीच्या दिवशी मात्र त्यांना लेकच लागायची, त्यात फरक पडला नाही. काठी पुन्हा उशाला आली आणि कडीही लागत राहिली. एकदा मी तिला म्हटलं, "आठवड्यातून एक तास. एवढ्याने काय होतं गं तुझं?"

तिने हातातलं काज उजेडाकडे धरलं. "हे केवढं असतं? पण अख्खं बटण जातं यातून."

"आणि परतही येतं," मी म्हटलं.

"येतं," ती म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडून तिने पुढचा कोट ओढला.