सिद्रामअण्णांचा बैल

नातू भालकीच्या बैठकीला निघालाय, त्याआधी जीपला वंगण देतोय. त्याचा चुलतभाऊही त्याच बैठकीला निघालाय, पण दुसऱ्या जीपनं. पक्ष वेगळे, म्हणून गाड्या वेगळ्या. बघून डोकं उठतं.

वंगणाच्या वासानं मला निजामाच्या काळातली माहेरची बैलगाडी आठवली. आठवडी बाजार कुठं भरवायचा, यावरून गावात दोन तट होते. वरच्या गल्लीचे पुढारी माझे अप्पा, खालच्या गल्लीचे सिद्रामअण्णा. भांडण कडाक्याचं, पण दोघांकडं एकेकच बैल, म्हणून तहसीलदारापुढं एकमेकांविरुद्ध बोलायलाही दोघं एकाच गाडीतून जायचे.

सुनावणीच्या दिवशी अण्णांना ताप भरला. बैल मात्र त्यांनी पाठवून दिला. अप्पांनी चाकांना वंगण दिलं, गाडी जुंपली आणि परत सोडली.

"बैल कामून सोडायलाव?" आई वैतागली. "आज एकटेच बोला की. बाजार आपलाच."

"त्याच्याच बैलानं जाऊन त्याच्या माघारी बोलू व्हय?"

अप्पांनी कचेरीत निरोप धाडून तारीख पुढं ढकलायला लावली. पुढच्या खेपेला दोघं गेले आणि बाजार खालच्या गल्लीला मिळाला. परतताना गाडी अप्पाच हाकत होते.

दोन्ही नातवांना मी हे वेगवेगळं सांगितलं. दोघंही म्हणाले, "आजी, तुझे अप्पा हरलेच की."

तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत आहे.