कुंकवाचा खण

दिघाशीचा नामा बावीस वर्षं वळ गावच्या एका गोडाऊनात माल रचायच्या लाकडी पॅलेटी ठोकतो. त्याआधी तो सुतारकाम करायचा. पॅलेटीला रंधा नको, जोड नको. खिळ्यांची बंदूक लावायची आणि ठोकायचं. फक्त सगळ्या पॅलेटी एकसारख्या पाहिजेत. बोटभर फरक पडला की सुपरवायझर जीवन ती बाजूला काढतो. नामाची एकही पॅलेट आजवर बाजूला निघालेली नाही. ह्याचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्याची आत्या ठमाबाई गावची धवलारीण. लग्नात धवळे गात गात सगळे विधी तीच लावायची, चाळीस वर्षं. मग काचबिंदूनं नजर गेली. नाक तर तपकिरीनं आधीच कामातून गेलेलं. दिवाळीनंतरच्या एका लग्नात तिनं नवऱ्याच्या कपाळी कुंकू म्हणून मिरचीपूड लावली. पूड घामाबरोबर डोळ्यांत उतरली आणि नवरा घळाघळा रडायला लागला.

"काय गो मायालू हाय!" नवरीकडच्या बायका म्हणाल्या.

ते तसंच खपून गेलं असतं. पण नवऱ्याचा काका मोरू, ह्यानं पुतण्याचं कपाळ बोटानं पुसलं, आणि थोड्या वेळानं तेच बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं.

आता माघात मोरूच्याच मुलीचं, रीमाचं लग्न होतं. मोरूनं निरोप धाडला की ठमाबाईनं यावं, बसावं, पोटभर जेवावं. विधी हेमाली लावील. हेमाली तरुण बाई. धवळे मोबाइलमध्ये बघून म्हणायची.

ठमाबाई काठी टेकत मोरूच्या दारात जाऊन आली आणि तिथून सरळ नामाकडे.

"नाम्या, मना खणांचा कपाट करून दे. बारका. मांडवात उचलून न्हेता आला पायजे. सहा खण. कुठं काय हाय त्ये माझा हात बघल."

"मोरू न्हाय बोलला ना, आते?"

"मोरूचा लगीन मीच लावला. तवा कुठं न्हाय बोलला? हळदीच्या दिशी बघतो बोललाय. चुकली तर मीच उठन. परत कुनाच्या मांडवात बसायची न्हाय."

नामानं जीवनला विचारून फुटक्या पॅलेटींच्या फळ्या घरी आणल्या.

"घरी पण पॅलेट ठोकतो काय, नामाभाऊ?" जीवन म्हणाला. "ओव्हरटाइम न्हाय मिलनार हां."

नामानं एकही खिळा मारला नाही. बापाची पटाशी काढली, धार लावली आणि कोपरे दातात दात बसवून जोडले. पहिला कोपरा तीन वेळा चुकला. चौथ्यांदा हाताला सगळं आठवलं. चार रविवार गेले. कपाट झालं गुडघ्याएवढं. सहा खण, दोन दोनच्या तीन रांगा. प्रत्येक खण त्यानं आपापल्या घरात घासून बसवला, आणि शेवटी सहज म्हणून एक खण शेजारच्या घरात घातला. गेला नाही. दुसरा घातला. तोही नाही. फळ्या कुठल्या कुठल्या देशातून आलेल्या, एक मऊ, एक चिवट. एकही खण दुसऱ्यासारखा उतरला नव्हता.

जीवन बघायला आला, त्यानंही दोन खण बदलून बघितले.

"गोडाऊनात असता ना, तर सहाच्या सहा बाजूला."

हळद परवावर आली होती. नवं करायला वेळ नव्हता. ठमाबाई आल्यावर नामानं मान खाली घालून सांगितलं, "आते, बिघडला. एकाचा खण दुसऱ्यात जात न्हाय."

तिनं हळदीचा खण कुंकवाच्या घरात घातला. अर्ध्यावर अडकला. पुन्हा घातला. पुन्हा अडकला.

"जातच न्हाय?"

"न्हाय."

"मंग बिघडला काय त्यात? मना तरी कुठं दुसऱ्यात घालायचा हाय?"

हळदीच्या दिवशी ती मांडवात कपाट पुढ्यात घेऊन बसली. शेजारी हेमाली, मोबाइल चार्ज करून. मोरू आला, त्यानं भरलेले सहाही खण काढले आणि चटईवर उलटसुलट मांडले.

"लाव बगू आता."

ठमाबाईनं धवळा सुरू केला आणि गाता गाता खण उचलायला लागली. चुकीच्या घरात खण अडायचा, ती काढायची, दुसरीकडं घालायची. बरोबर घरात गेला की टक् वाजायचं. पाच खण बसले. सहावा कुंकवाचा. घर एकच उरलेलं, तरी तो अडला. मांडवाच्या खांबामागं उभा नामा एक पाऊल पुढं आला. ठमाबाईनं धवळ्याची एक ओळ पुन्हा घेतली आणि तळहातानं खण दाबला.

टक्.

मग तिनं तोच खण उघडला, बोट बुडवलं आणि रीमाच्या कपाळी टेकलं. मोरूनं वाकून बघितलं. स्वतःच्या बोटानं तपासायच्या भानगडीत तो पडला नाही.

"हेमाली," तो म्हणाला, "तू जेवून घे."

लग्नाच्या दिवशीही सगळे विधी ठमाबाईनंच लावले. नवऱ्याच्या कपाळी कुंकू लागलं आणि तो कोरड्या डोळ्यांनी उभा राहिला. मागं बसलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली.

"ह्यो रडला न्हाय गो."

"न्हाय ना. मागल्या टायमाचा किती मायालू व्हता."

"रीमाचा कसा व्हनार काय म्हाईत."

ठमाबाईनं कुंकवाचा खण आत लोटला. तो जरा कुरकुरला. त्याला रंधा लावायचा नाही, असं नामानं तिथंच ठरवलं.