दिवसाला तीन नोझल

कुशाबा पश्चिमेच्या डोंगरातला. घरी भात आणि वरई. दहावीनंतर नारायणगावात वेल्डिंग शिकला आणि इथंच राहिला. अरिहंतच्या वर्कशॉपात प्लाझ्मा कटिंगचं मशीन आलं, ते त्याच्याच हातात दिलं गेलं. पत्रा कापताना तो श्वास रोखून धरतो. काप पूर्ण झाला की मगच सोडतो.

मी तिथं कोटेशन लिहितो. मराठीत बी.ए. केल्यावर हे काम मिळालं. दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवतो.

मशीन विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, विजेचं फार मनावर घेऊ नका. खरा खर्च टॉर्चच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या दांड्याच्या, तोंडाचा. तिथं तांब्याचं नोझल असतं, त्याच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा जाळ होऊन बाहेर येते. भोक झिजलं की बदलायचं. उन्हाळ्यात एक नोझल दोन दिवस जायचं. श्रावणात दिवसाला तीन लागू लागली.

“जुनी कुठंयत?” अरिहंतनं विचारलं.

“डब्यात, शेट. मोजा की.”

मोजली. बरोबर भरली.

“जुनी बाहेरून आणून टाकत असशील. नवी विकत असशील. तांब्याला भाव आहे.”

“मग माझा बंगला कुठं बांधलाय तेवढं सांगा. ऱ्हायला जातो.”

कोणी हसलं नाही.

अरिहंत सुभाषच्या हार्डवेअरच्या दुकानात नोझल घ्यायला गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलला, “आमच्याच माणसाची हातचलाखी आहे.” दुसऱ्या दिवशी शेजारचा वेल्डर ओरडला, “काय कुशाबा, तांब्याचा धंदा कसाय?” कुशाबानं मान वर केली नाही.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी त्याची पिशवी उघडून पाहिली. दोन भाकरी, मिरचीचा खर्डा. मी पिशवी बंद केली. जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी त्यानं माझ्या टेबलाशेजारी उभं राहून नोझल बदललं आणि टॉर्चमधून नुसती हवा सोडून पाहिली. माझ्या कोटेशनवर थेंब उडाले. शाई पसरली.

“हवेत पाणी?”

“पावसाळ्यात येतंच. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचतं. रोज सकाळी खालचा कॉक उघडून सोडायचं असतं. न्हाई सोडलं तर नोझल खातं.”

“मग सोडत नाहीस?”

त्यानं जुनं नोझल डब्यात टाकलं.

“कधीपासून?”

“चातुर्मास लागल्यापासनं.”

मग हळूहळू बोलला. कॉम्प्रेसर मागच्या बोळात आहे. अरिहंतची आई, रुक्मिणीबाई, रोज पहाटे त्याच बोळातून जैन स्थानकात प्रवचनाला जातात. सोडलेल्या पाण्यानं फरशीवर शेवाळ धरलं. शेवाळात अनंत जीव. त्यावर पाय पडणं त्यांच्यासाठी पाप.

“बाईंनी हात जोडले राव. म्हणल्या, बाळा, चार महिने इथं पाणी नको. आईच्या वयाची बाई. मी व्हय म्हणलं.”

“नोझल जातील हे ठाऊक होतं ना?”

“थोडी जातील वाटलं व्हतं. एवढी न्हाई. आन् मग शेट चोर म्हणले. आता बाईंचं नाव घेतलं तर म्हणतील, आईवर ढकलतोय.”

 ज्या हातानं त्याची पिशवी उघडली होती, तो मी खिशात घातला. मग सरळ रुक्मिणीबाईंकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतः वर्कशॉपात आल्या. आत त्या सहसा येत नाहीत.

“अरिहंत, मी सांगितलं होतं याला. कॉकला नळी लावून पाणी बादलीत घेता आलं असतं. मला सुचलं नाही. तुला चोर मात्र लगेच सुचला.”

अरिहंतनं जाऊन टाकीचा कॉक बादलीत उघडला. गढूळ पाणी बराच वेळ येत राहिलं. बादली भरत आली.

“कुशाबा, सांगायचं नाही का?”

“आता सांगतो. सुभाषभाऊच्या दुकानात चला. तुमी जिथं बोलला व्हता, तिथंच शब्द मागं घ्या. मग मशीन चालू करतो.”

“आत्ता? आत्ता गर्दी असेल.”

“म्हणून तर आत्ता.”

अरिहंतनं आईकडे पाहिलं. त्यांनी दारातून बाजूला होऊन वाट दिली. तो चप्पल शोधू लागला.