गंधकाचं पिंप

विद्याधर गोहोकारांना दारूची किळस होती, आणि त्यांचं पोट दारूवरच भरत होतं. अहिवाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. हुंगायचं, जिभेवर घोळवायचं, थुंकायचं. एक घोट कधी गिळला नाही. हुडको वसाहतीतल्या घरी परतले की बायको रत्नमाला दारातूनच म्हणायची, "आधी आंघोळ करा. मळीचा वास येऊन राहिला तुमचा."

मळीच्या स्पिरिटमध्ये रंग आणि इसेन्स ढवळून त्याला व्हिस्की म्हणायचं, याची त्यांना शिसारी यायची. म्हणून मालक भय्याजींनी जवाची खरी सिंगल माल्ट करायला घेतली, तेव्हा ते हरखले. तीन वर्षं साध्या पिंपांत मुरलेली ती माल्ट सत्त्याऐंशी साली त्यांनी स्पेनहून आलेल्या शेरीच्या दोन रिकाम्या पिंपांत भरली. शेरी म्हणजे तिकडची जड, द्राक्षांची वाइन. ती प्यायलेलं ओकचं लाकूड व्हिस्कीला आपल्यातलं हळूहळू देत जातं.

पहिल्या पिंपातली महिनाभराने जिभेवर घेतली, तर नुसता जाळ. चौथ्या महिन्यात मनुका आणि सुकं अंजीर. सातव्यात अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा, रंग तांबूस. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने बरीच उडून गेली होती, पण उरलेली थुंकणं विद्याधररावांच्या जिवावर आलं.

मग पहिल्यांदाच दुसऱ्या पिंपाचं बूच काढलं आणि ते मागेच सरले. सडकं अंडं, जळकी काडी. प्रवासात पिंप आंबू नये म्हणून आत गंधक जाळतात. इथे ते बेसुमार जाळलं होतं आणि लाकडात मुरलं होतं. भरण्याआधी आपण उत्साहात नीट हुंगलंच नाही, हे त्यांना आठवलं.

"चूक माझी आहे," त्यांनी भय्याजींना सांगितलं. "हे पिंप ओतून द्या. पहिलं तेवढं बाटलीत भरा."

"ओतायले मागवलं का मी?" नाकाला रुमाल लावून भय्याजी हसले. "दोन्ही एकत्र करा. वरून मनुक्याचा इसेन्स टाका. लेबलवर शेरी लिहिलं की झालं."

"माणूस ओकेल हे पिऊन."

"ओकू द्या ना. बाटली तर विकली राहील तोवर!"

दुसऱ्या दिवशी विद्याधरराव पोचले तेव्हा पंप चालू होता. चांगली माल्ट त्या घाणीत पडत होती. शेडमागे जाऊन ते खरंच ओकले. सुपरवायझर शेषराव तपासणीचा कागद घेऊन आले. विद्याधररावांनी लिहिलं, 'सडक्या अंड्याचा वास. पिण्यास अयोग्य.' भय्याजींनी कागद फाडला आणि 'पिण्यास योग्य' लिहिलेला दुसरा पुढे केला. विद्याधररावांनी सही केली नाही, आणि परत त्या फाटकातून आत गेले नाहीत.

"कावून सोडली नोकरी?" रत्नमालाने विचारलं.

"किळस आली."

"ती तं पयलेपासूनच होती."

विद्याधरराव आंघोळीला गेले. वर्षभराने ते स्मृति नगरातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले. त्याच वस्तीत राहणाऱ्या एका अधिकाऱ्याने आपल्या मुलीच्या साखरपुड्यानंतर त्यांच्या हातात ग्लास दिला. "घ्या सर, शेरीवाली आहे."

विद्याधररावांनी नुसतं हुंगलं. इसेन्सच्या खाली अंडं होतंच. त्यांनी ग्लास ठेवून सगळं सांगितलं: पिंप, गंधक, पंप.

अधिकारी मन लावून ऐकत होता. मग त्याने स्वतःचा ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि मिटक्या मारत म्हणाला, "तरीच! काहीतरी वेगळा फ्लेवर आहे, मी म्हणतच होतो."

विद्याधरराव न जेवताच घरी गेले.